डावीकडून वळ

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या मैदानावर मी रविवारी सकाळी पॅराग्लायडिंगचा सराव घेतो. येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, उडायचं कधी?" मी म्हणतो, "आधी उभं राहायला शिका." निम्मे पुढच्या रविवारी येत नाहीत. न येवोत. उरलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

मी तेव्हा हवालदार होतो. पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका अॅडव्हेंचर कॅम्पवर, काम इन्स्ट्रक्टरचं. आमच्याकडे इन्स्ट्रक्टरला उस्ताद म्हणतात. ०५३० ला पीटी, ०७०० ला नाश्ता, ०८०० पासून ग्राउंड हँडलिंग. म्हणजे सपाट मैदानावर कापडी पंख, ज्याला आम्ही कॅनोपी म्हणतो, वाऱ्यात उभा करायचा, डोक्यावर धरायचा, खाली घ्यायचा. पाय जमिनीवरच. दहा-दहा दिवस हेच. जवान कंटाळायचे, त्याला पतंगबाजी म्हणायचे.

वारा जोराचा असला की कॅनोपीकडे तोंड करून उभं राहायचं. ती डोक्यावर आली की वळायचं आणि मग धावायचं. खांद्यापासून कॅनोपीकडे जाणारे पट्टे, म्हणजे रायझर, तोवर एकमेकांवर आडवे असतात. वळताना ते सुटे होतात. पण ज्या बाजूसाठी आडवे लावले त्याच बाजूने वळलात तरच. आमच्या कोर्सवर सगळ्यांना डावीकडून वळायची शिकवण होती.

नायक विलास आष्टीचा. त्या कॅम्पवर वर्धा जिल्ह्यातले आम्ही दोघंच. परेडवर तो मला उस्ताद म्हणे, चहाला भाऊ. मुलीच्या बारशाची रजा संपवून तो सहा दिवस उशिरा कोर्सवर आला. आधी तो चार-पाच वेळा उडला होता, पण हलक्या वाऱ्यात, समोर तोंड करून.

"भाऊ, मी तं उडेल गडी आहो," तो म्हणाला. "मले काऊन पतंगबाजी करायले लावता? नमनालेच घडाभर तेल!"

मी हसलो. गाववाला म्हणून दोन संध्याकाळी सराव घेतला आणि त्याचं नाव यादीत टाकलं. दुसऱ्या कोणाला मी सोडलं नसतं.

त्या दिवशी वारा जोराचा होता, पण मर्यादेत. ०९४० ला विलास लाँचवर, म्हणजे उड्डाणाच्या जागी, उभा राहिला. रायझर मी स्वतः तपासले, डावीकडचेच होते. कॅनोपी सुरेख वर आली. विलास मात्र तिच्याकडे बघतच राहिला. खालच्या उतारावरचं गवत झोपू लागलं. वाऱ्याचा झोत येत होता. मी ओरडलो, "मुड़!"

माझा आवाज परेड ग्राउंडवरचा होता. फौजेत 'पीछे मुड़' नेहमी उजवीकडून होतं. विलासच्या अंगात बारा वर्षांची ड्रिल होती. तो उजवीकडून वळला. अगदी चोख. टाचासुद्धा जुळल्या असत्या, पण तेवढ्यात झोताने त्याला उचललं.

रायझर सुटे व्हायच्या ऐवजी एकमेकांत पिळले गेले. डावा ब्रेक, म्हणजे पंख त्या बाजूला वळवणारी दोरी, त्यात ओढलेलाच अडकला.

"चार्ली थ्री, हात ऊपर. ब्रेक छोड़," मी रेडिओवर विलासला त्याच्या कॉल साइनने सांगितलं.

"ब्रेक निघून नाई राह्यला, भाऊ."

रेडिओवर तो कधीच वऱ्हाडी बोलत नसे. कॅनोपी डावीकडे, डोंगराकडे वळली. ०९४२ ला तो कड्यावर आदळला. आम्ही सात मिनिटांत पोचलो. एमआय रूममध्ये, म्हणजे कॅम्पच्या दवाखान्यात, मेडिकल ऑफिसरने तो गेल्याचं सांगितलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सगळं सांगितलं. कागदावर पायलटची, म्हणजे विलासची, चूक आली.

पेन्शनवर आलो त्या हिवाळ्यात आष्टीला गेलो. विलासची बायको सुनंदा तिथे शाळेत शिकवते. "जय भीम, ताई," म्हणून मी आत बसलो आणि चहा यायच्या आधीच बोललो. त्याला सरावातून सोडलं मी. हुकूम दिला तोही मीच. बाजू सांगितली नाही.

मला वाटलं, आता ती बाहेर काढेल. काढलं असतं तरी माझी ना नव्हती.

"कागदात पट्टे, ट्विस्ट, काय काय लिवलं हाये," ती म्हणाली. "मले समजलं नाई. मले करून दाखवा."

पुढच्या रविवारी मी कॅनोपी घेऊन गेलो. शाळेमागच्या मैदानावर मंद वारा होता. तिने पंजाबी ड्रेसवर अंगाला बांधायचा पट्ट्यांचा हार्नेस चढवला. मी रायझर लावले आणि समोरून तिचा हार्नेस धरून ठेवला. पहिल्या चार वेळा कॅनोपी कोसळली. पाचव्यांदा वर आली आणि डोक्यावर थांबली.

मी हळू म्हणालो, "डावीकडून, ताई."

ती डावीकडून वळली. रायझर सुटे झाले. पाय जमिनीवर, दोन्ही हातांत ब्रेक.

"एवढंच होतं, भाऊ?"

"एवढंच."

ती रडायला लागली. माझेही डोळे भरले. हात मात्र तिने खाली घेतले नाहीत. कॅनोपी वर तशीच उभी होती, आणि ती खाली घ्यायला मी सांगितलं नाही.