बळीरामचा विद्यार्थी

महादेवरावांना बळीराम भोयर फारसा ठाऊक नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. मनीषनगरच्या थांब्यावरून कंपनीच्या बसमध्ये दोघे वर्षानुवर्षे एकाच बाकावर बसून कामाला गेले, तेवढीच ओळख. त्याची बायको कधी वारली, घरी स्वयंपाक कोण करते, हे त्यांनी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

बळीराम भेगा शोधायचा. वेल्डिंग झालेला जोड समोर आला, की तो त्यावर लाल रंग लावी, पुसून काढी आणि वर पांढरी पूड फवारी. भेग असली तर तिच्यात मुरलेला रंग वर येई, केसाएवढी लाल रेघ उमटे. मग माल परत. पोलादाला धक्का न लावता त्याचे दुखणे ओळखायचे, हे काम. निवृत्तीपर्यंत या टेबलावरून हलायचे नाही, एवढीच त्याची इच्छा होती.

मग टेबलावर कॅमेरे आले. फोटो थेट संगणकात आणि निकाल त्याच क्षणी गिऱ्हाइकाच्या पडद्यावर. भेग कुठली आणि नुसता डाग कुठला, हे संगणकाला कुणीतरी शिकवायला हवे. क्वालिटीचे साहेब सौरव यांनी त्यासाठी बळीरामला बसवले. वर्षभर तो माल तपासता तपासता फोटोंवर खुणा करत होता आणि फुलून गेला होता.

"विद्यार्थी हुशार आहे, महादेवभाऊ," तो बसमध्ये सांगे. "मी म्हणतो तेच म्हणून राहिला आता."

"सगळं शिकला की तुलेच काढतील गा," मागच्या बाकावरून फिटर कवडू म्हणाला.

"काहून? मास्तरले कोणी काढते का?"

तपासनीसांची दरवर्षी जवळच्या नजरेची परीक्षा होई. कंपनीच्या दवाखान्यात त्यासाठी बारीक होत जाणाऱ्या ओळींचे एक जुने, पिवळे पडलेले कार्ड होते. बळीरामच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, पण ऑपरेशनच्या नावाने त्याला घाम फुटे. त्याने कार्डच पाठ करून टाकले. हे कुणालाच माहीत नव्हते. तो फोटोवर नाक टेकवून बसे, तेव्हा महादेवरावांना वाटे, माणूस किती जीव लावून काम करतो.

यंदा दीक्षा सिस्टरने कार्डाऐवजी टॅब पुढे धरला. महादेवराव बीपीच्या गोळ्यांसाठी तिथेच बसले होते. रांगेत कवडू होता, सौरवही होते.

"सगळ्यात खालची ओळ वाचा, काका."

बळीराम खणखणीत आवाजात म्हणाला, "नदीकाठी एक जुने झाड होते. त्यावर पोपट राहत."

सिस्टरने टॅब स्वतःकडे वळवून पाहिला. पडद्यावर नुसते आकडे होते.

"अजून वाचू?" बळीरामने विचारले.

कवडू आधी हसला, मग रांग हसली. "अरे, हा तर पोपटच निंगाला गा!"

परीक्षेचा निकालही त्याच संगणकाशी जोडलेला होता. बळीराम टेबलापाशी पोचायच्या आधीच पडद्यावर त्याचे नाव लाल होऊन कुलूपबंद झाले होते. त्याने वर्षभर पास केलेला माल पुन्हा तपासायला निघाला आणि बारीक भेगा एकामागून एक सापडू लागल्या. तेच फोटो संगणकाला दाखवले. त्यानेही सगळे जोड चांगले ठरवले.

सौरवनी बळीरामला सगळ्यांसमोर बोलावले. "काका, विद्यार्थी तुमच्यावरच गेला हो. जे तुम्हाला दिसत नव्हतं, तेवढं नेमकं त्यालाही दिसत नाही."

"साहेब, त्याले मी पुन्हा शिकवतो. ऑपरेशन करून घेतो मी."

"आता कशाला? तुमचं शिकवलेलं आजच पुसतोय. दुसरा माणूस पहिल्यापासून शिकवेल."

त्याच्यादेखत ते पुसले. त्याला खोकी बांधायला पॅकिंगमध्ये पाठवले. तिथे येता-जाता लोक त्याला काहीही दाखवून "वाच रे पोपट" म्हणत. तोही सुरुवातीला हसे. आठवडाभराने तो यायचा बंद झाला. खापरखेड्याला भावाकडे राहतो आणि डोळे तसेच आहेत, असे नंतर कुणीतरी सांगितले. खरेखोटे महादेवरावांनी कधी जाऊन पाहिले नाही.

त्याच्या शेवटच्या दिवशीही बसमध्ये दोघे त्याच बाकावर होते. मनीषनगर आले तसा बळीराम उठला.

"डबा राहिला गा तुझा," महादेवराव म्हणाले.

"हो का? द्या इकडे."