‘घसरून पडले’ असं मी सांगितलं होतं

आधी मावशींचं सांगते. संगमनेरच्या एका दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात त्या आया होत्या. फरशी पुसायच्या, बेडपॅन द्यायच्या, चादरी बदलायच्या. पाय डॉक्टरांनी वाचवला, ते खरंच आहे. पण माझा हक्क मीच माझ्या हातानं घालवायला निघाले होते, तो वाचवला मावशींनी. आता काय झालं ते.

मी यवतमाळकडची. सातवीनंतर शाळा सुटली. आईबाप तिकडं आणि मी इथं एका रोपवाटिकेत कामाला, टोमॅटो-मिरचीची रोपं ट्रेमध्ये लावायला. खोली हायवेच्या अलीकडं, काम पलीकडं. रस्ता ओलांडताना ज्या बाजूनं गाड्या यायला पाहिजेत तिकडंच बघत मी पाऊल टाकलं. पिकअप आली उलट्या बाजूनं. दुभाजकातली पुढची मोकळी जागा लांब पडते म्हणून बरेच जण तसे घुसतात. मी पडले आणि तिचं चाक नडगीवरून गेलं.

पिकअपचा मालक स्वतःच चालवत होता. त्यानंच मला उचललं आणि गाडीत घातलं. वाटेत म्हणाला, "ताई, ॲक्सिडेंट म्हणालात तर दवाखान्यात हात लावत नाहीत. आधी पोलीस, मग इलाज. तोवर पाय काळा पडेल. घसरून पडले म्हणा."

मी तसंच म्हणाले. केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसानं तसंच लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मालक शहाळं घेऊन आला, उशी सारखी करून गेला. परक्या गावात एवढं कोण करतं, असं वाटून माझे डोळे भरून आले.

त्यानंतरच्या सकाळी मावशी माझ्या कॉटखालची फरशी पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घसरून पडली म्हन तू?"

"हो."

"घसरून पडल्यावर नडगीवर टायरची नक्षी उमटती व्हय?"

मला रडूच फुटलं. सगळं सांगितलं. इलाज होणार नाही असं गाडीचे मालक म्हणाले, हेही सांगितलं.

"साफ खोटं. इलाज आधीच करतात. पोलिसाला कळवायचं काम दवाखान्याचं, तुझं न्हाई. तू पडलीस म्हनून लिहिलंय, मग गाडी कुठली आन् मालक कुठला? उद्या पाय वाकडा बसला तर दावा कुनावर लावशील, फरशीवर?"

"पण त्यांनीच तर मले उचलून आणलं. त्यांच्यावर कशी उलटू?"

"मले!" मावशी हसल्या. "अगं वऱ्हाडकरीन, आनलं ते बरंच केलं. पर पाडलं बी त्यानंच ना? आज राऊंडला डॉक्टरांना खरं सांग. आज सांगशील तर ऐकतील. आठ दिवसांनी सांगशील तर म्हनतील, हिला कुनीतरी पढवलं."

बादली उचलून त्या पुढच्या कॉटकडं गेल्या. राऊंड अकराला. दुसऱ्या दिवशी माझं ऑपरेशन होतं. मी घड्याळाकडं बघत पडले. डॉक्टरांना काय म्हणू? खोटं बोलले म्हणून इथून काढलं तर कुठं जाऊ?

डॉक्टरांच्या आधी मालकच आला. हातात स्टॅम्प पेपर. "ताई, आपसातलं आहे, कशाला वाढवायचं? इथं एक सही."

माझी एक जुनी खोड आहे. मला वाचायला वेळ लागतो, ओळीखाली बोट धरावं लागतं. ते कुणाला दिसू नये म्हणून दाखवतील तिथं मी पटकन सही करून मोकळी होते. त्या दिवशी बोट ठेवलं.

"एवढं काय वाचता?" तो म्हणाला. "विश्वास नाही का?"

कानशिलं तापली. तरी बोट सरकवत गेले. ‘माझ्या स्वतःच्या चुकीमुळे’ एवढं कळलं. खाली ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’. त्यानं पेन माझ्या बोटांत दिलं. खरं सांगते, मी ते टेकवलंही होतं.

"दादा, पाय उचला." मावशींचा पोछा त्याच्या बुटाला लागला. "भाईर थांबा जरा. राऊंडची येळ झाली."

"दोनच मिनिटं."

"तुमची दोन मिनिटं हुतील, माझी नोकरी जाईल. व्हा भाईर."

तो कागद घेऊन दारापर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला. तेवढ्यात डॉक्टर आले. "काय, झोप लागली का?" मी मावशींकडं पाहिलं, त्या पोछा पिळत होत्या, माझ्याकडं बघतच नव्हत्या.

"साहेब, मी खोटं बोलले. मी घसरले नव्हते. गाडीनं पाडलं. उलट्या बाजूनं आली होती."

डॉक्टर रागावले नाहीत. केसपेपर मागवून त्यांनी माझं सांगणं त्यावर लिहिलं आणि सिस्टरांना पोलीस चौकीला कळवायला सांगितलं. दारातून आवाज आला, "ताई, उपकाराचं हेच फळ का?" त्या वाक्यानं मी अजूनही दचकते.

दुपारी हवालदार आले. त्यांनी माझा जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. मी म्हणाले, मला स्वतः वाचायचाय. बोट धरून वाचत बसले. ते दोनदा मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "बाई, कोर्टात तरी एवढं वाचत असतील का!" पूर्ण वाचला, मगच सही केली.

दावा लागलाय. निकाल काय लागेल ठाऊक नाही. पण मावशींचं काय झालं, ते त्याहून जास्त सलतं. ‘पेशंटला फितवलं’ म्हणून मालकानं तक्रार केली. इन्चार्ज सिस्टरांनी त्यांना वॉर्डातून काढून तळघरात मळक्या चादरींच्या खोलीत टाकलं. मला त्याचा पत्ता लागला तो डिस्चार्जच्या दिवशी. भेटायला जिना उतरता आला नाही.

काठी सुटली की त्या इन्चार्ज सिस्टरांपुढं जाणार आहे. मावशींनी मला फितवलं नाही, खरं बोलायला सांगितलं, एवढं माझ्या अक्षरात लिहून नेईन. कितीही वेळ लागो, मावशी, तुम्हाला वर वॉर्डात परत आणीन.