हनुवटी खाली

जीभ इतकी धारदार की गल्लीनं त्या न्हाव्याचं नावच ‘वस्तरा’ पाडलं होतं. अर्धांगवायूच्या झटक्यातून त्याचे हातपाय सावरले, बोलणंही परतलं. पण पाणी प्यायला की ठसका. मग तो दाढीच्या गिऱ्हाइकाला करतो तेच स्वतःला करायचा. हनुवटी वर, नरडं ताठ, आणि वरून घोट ओतायचा. नळ सरळ तर पाणी सरळ, हा त्याचा हिशेब.

छाती भरून पुन्हापुन्हा ताप यायला लागला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पोटात नळी घालून अन्न द्यावं लागेल.

"नळीनं जेवायचं, तर चव कुणाला, बेंबीला?" म्हणून वस्तऱ्यानं भिंतीकडे तोंड केलं.

सून म्हणाली, "डॉक्टर, लापशी खाल्ली की मामंजी नीट बोलतात. पाणी प्यायले की आवाज ओला होतो, चूळ भरून बोलल्यासारखा."

डॉक्टरांनी लगेच गिळण्याची तपासणी करणाऱ्या बाईंकडे पाठवलं.

बाईंनी त्याला एक्स-रे मशीनसमोर बसवून पांढरं औषध घातलेलं पाणी दिलं. सवयीनं हनुवटी वर गेली. पडद्यावर पांढरी धार उतरली आणि तिचा एक ओघळ भलत्याच वाटेला लागला.

"बघा, गिळताना श्वासनळीवरचं झाकण तुमचं उशिरा पडतंय. त्यात मान वर करून तुम्ही पाण्याला फुफ्फुसाकडे उतार देताय."

"म्हणजे चोराला दार मीच उघडतोय."

"आता हनुवटी छातीला लावा, मग गिळा."

"मानेवरचे केस काढताय काय?" असं पुटपुटत त्यानं मान खाली घातली. घोट घेतला. पांढरी धार सरळ अन्ननळीत गेली, थेंबभरही इकडेतिकडे नाही. ठसका आलाच नाही. बाईंनी पुन्हा प्यायला लावलं. पुन्हा तेच.

"आता बोला काहीतरी."

दाराशी त्याचा मुलगा उभा होता. त्याच्याकडे बघत वस्तरा म्हणाला, "कुण्या गाढवानं कापले रे तुझे कल्ले? एक वर, एक खाली."

आवाज कोरडा, खणखणीत. सून तोंडाला पदर लावून हसत सुटली. नळीचं नाव पुन्हा निघालं नाही.

दुकान उघडलं तेव्हा वस्तऱ्यानं आधी पेलाभर पाणी घेतलं आणि मान खाली घालून घोटाघोटानं संपवलं.

खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं, "मान खाली? तुला कधीपासून लाज वाटायला लागली?"

"पाण्याला वाट दाखवतोय," वस्तऱ्यानं पेला पालथा ठेवला. "तू हनुवटी वर कर."