शिक्षा मत देना!

बनारसच्या आमच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या आंटी निवृत्त हिंदी शिक्षिका आहेत. गाणं त्या सगळ्यांच्या अर्धी ओळ आधी संपवतात आणि आम्ही पोहोचेपर्यंत चष्मा पुसत बसतात. त्यांना कोणी काही बोलत नाही. त्या मात्र भर प्रवचनात पाळकसाहेबांनाही सुनावतात, "स्त्रीलिंग है, भइया!"

मी नगरकडचा, रेल्वेच्या बदलीनं इथं आलेला. मराठीला 'है' जोडलं की हिंदी होते, यावर माझी येशूइतकीच श्रद्धा. परीक्षेआधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी मला मुलांसाठी प्रार्थना करायला पुढे बोलावलं. मी डोळे मिटून कळवळून म्हणालो, "हे प्रभु, ये बच्चे शरारती हैं, फिर भी इनको शिक्षा मत देना!"

मुलांनी छप्पर उडेल असं "आमेन" ठोकलं. मागोमाग अख्खं चर्च हसलं, तेव्हा मला आठवलं, की हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आता आंटी माझी सालटी काढणार आणि मला पुन्हा कोणी प्रार्थना करायला सांगणार नाही, हे नक्की झालं.

आंटी उठल्या. हसणाऱ्यांकडे वळून त्यांनी डोळे वटारले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आमेन!"

बाहेर मी त्यांना गाठलं. "आंटी, मराठी में शिक्षा माने सजा..."

"अच्छा!" त्या खुदकन हसल्या. "तब तो अगले इतवार हमरे लिए भी यही माँगिएगा."

'हमारे' हवं होतं. पण मी चूक काढली नाही.