भाऊच आहे माझा

रामजी मनाने चांगला होता, असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या थोबाडीत देईन. बहरीनमधल्या सलमाबादच्या कामगार कॅम्पात मी त्याच्याच खोलीत राहिलोय, मला सांगू नका.

दिवसभर गॅरेजमध्ये ट्रकची चाकं खोलायची आणि खोलीवर आलं की मोबाइलवर रशियाच्या त्या सर्वेसर्वाची भाषणं लावायची, हिंदीत डब केलेली. "बघ कसा बोलतो! शेजारचा देश म्हणे वेगळा. अरे, वेगळा कसला? रक्त एक, माणसं एक. बाहेरच्यांनी कान भरले म्हणून फुटले. दोन रट्टे दिले की येतील ताळ्यावर. आणि मारामारी होणारच असेल, तर पहिला हात आपला पाहिजे." मी म्हणायचो, "रामजीदादा, जेवा आता."

धाकट्या भावाला, सुजीतला, त्यानेच बहरीनला आणलेलं. त्याच गॅरेजमध्ये वेल्डर. त्याने कुणाशी बोलायचं, काय खायचं, सगळं रामजी ठरवणार. शेवटी सुजीतने गादी उचलली आणि शेजारी उस्मानच्या खोलीत गेला. भांडण नाही, काही नाही. "दादा, मी तिकडंच बरा," एवढंच म्हणाला.

रामजीचं डोकंच फिरलं. "उस्मानने फोडला त्याला! माझा भाऊ वेगळा होऊच शकत नाही."

शुक्रवारी दुपारी उस्मान आणि सुजीत जेवायला बसले होते. रामजी ट्रकचा मोठा पाना घेऊन आत घुसला. पहिला घाव उस्मानच्या तोंडावर. दात फरशीवर पडले. "दादा, नको!" म्हणत सुजीत मधे आला, तर दुसरा त्याच्या उजव्या हातावर. हाड मोडल्याचं मी दारातून ऐकलं, बाप रे! केसांना धरून तो सुजीतला आमच्या खोलीकडे फरफटत होता आणि ओरडत होता, "बोल, आपण एक आहोत! बोल!" मी रामजीला मागून आवळलं, तर कोपराने माझं नाक फोडलं. शेवटी चौघांनी मिळून त्याला खाली पाडलं.

पोलीस आले. उर्दू बोलणारा हवालदार होता. "भाई है साहब, घर का मामला है," रामजी हात जोडून म्हणाला. घरचं भांडण ठरलं तर निभावलं, नाहीतर जेल आणि मग व्हिसा खलास. तोंडाला टॉवेल लावलेल्या उस्मानने नुसतं सुजीतकडे बोट दाखवलं, तो म्हणेल तसं.

हवालदाराने सुजीतला विचारलं, "तेरा भाई है?"

सुजीतने मोडका हात पोटाशी धरला होता. "मफी," तो म्हणाला, तिथल्या अरबीत 'नाही'. "मेरा कोई भाई नहीं."

गाडीत कोंबताना रामजी माझ्याकडे बघून ओरडला, "अरे, तू तरी सांग ना यांना!"

माझ्या नाकातून अजून रक्त गळत होतं. मी पाठ फिरवली आणि सुजीतकडे गेलो.