हाडक्या कुणाच्या घरचा?

"कापणार? पुस्तक?" मी ओरडलेच. समोर मला चौथीपर्यंत शिकवलेले, आता निवृत्त झालेले जव्हारचे गुरुजी शांतपणे चहा ओतत होते. मुंबईचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी त्यांचं पुस्तक घेऊन जाणार, पानं सुटी करणार आणि एकेक फ्रेम करून विकणार होता.

पुस्तक मरणाचं होतं. युरोपातलं, फार जुनं, गुरुजींना तरुणपणी नाशिकच्या रद्दीत मिळालेलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं आणि त्यांवर कुणीतरी हातानं भरलेले रंग. प्रत्येक पानावर एक सांगाडा कुणाला तरी हाताला धरून नाचत नेतोय. राजाला, धर्मगुरूला, नवरीला, नांगरासकट शेतकऱ्याला. राजाच्या झग्याचा लाल रंग रेषेबाहेर सांडलेला. आणि सांगाडा इतका खुशीत, की वरातीत बँडच्या पुढे असावा!

"इथं वाळवीशिवाय कोण बघतंय त्याला," गुरुजी म्हणाले. "एखाद्याला जरी ते हवंसं वाटलं असतं ना पोरी, तर दिलं नसतं. उद्या येतोय व्यापारी."

माझं डोकं फिरलं. आजवर मी रस्त्यावर, रेशनवर, दवाखान्यावर पत्रकं काढली. पुस्तकावर कधी काढलं नव्हतं. पण रीत तीच की! आधी ठरवायचं की इथल्या लोकांना चांगल्या वस्तूची कदर नाही, मग ती उचलून न्यायची. साग असाच गेला. पाणी असंच जातं.

"हवंसं वाटणारी माणसं मी दाखवते," मी म्हटलं.

"मोर्चा काढणार?"

"वेळ पडली तर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी माझ्या स्कूटीवर मागे बसले. पुस्तक टॉवेलात, टॉवेल खताच्या पिशवीत, पिशवी त्यांच्या छातीशी. मोखाड्याकडच्या प्रत्येक खड्ड्याला ते ओरडत, "पोरी, पुढचं चित्र आपलंच!" आणि मी हसून हसून स्कूटी आणखी एका खड्ड्यात घालत होते.

खोडाळ्याच्या पुढे एका पाड्यावर गेलो. बोहाडा तोंडावर आला होता. देवांची, राक्षसांची सोंगं मुखवटे घालून संबळ-पिपाणीवर नाचत येतात तो आमचा उत्सव. प्रत्येक सोंगाचा मान एका घराकडे, बापाकडून मुलाकडे. अंगणात नव्यानं रंगवलेले मुखवटे उन्हात वाळत होते. मी भाषण तयार करून नेलं होतं, 'मृत्यूपुढे सारे समान'. पहिल्या वाक्यालाच मुखवटे रंगवणाऱ्या आजांनी हात धुतले आणि मला बाजूला सारून पुस्तक उघडलं.

"बाकी सोंगं बदलतात, हा तोच," आजा पानं उलटत म्हणाले. "मानाचा दिसतो. कुणाच्या घरचा?"

"अहो, तो मृत्यू आहे," गुरुजी म्हणाले.

"ते कळलं, गुरुजी. घर कुणाचं?"

झालं! राक्षसाचा मान असलेला काका पुढे सरसावला. "हाडं दिसतात म्हणजे आमचाच."

"वेताळाचा भाऊबंद हाय तो, आमच्याकडं येणार," वेताळवाला म्हणाला.

"तुमच्याकडं?" मागून एक आजी कडाडली. "मागल्या साली तुमचा वेताळ संबळाच्या मागनं पळत होता! ह्या हाडक्याचे पाय बघ जरा!"

हाडक्या! नाव पडलंसुद्धा. संबळवाल्यानं पत्र्याच्या डब्यावर बोटं वाजवत चित्रातल्या पायांवरून ठेका शोधायला घेतला. एका पानावर उजवा पाय वर, पुढच्यावर डावा. त्यावरून दोघं उठून नाचायला लागले. तेवढ्यात एकाला शंका आली, "पण मुखवटा वर्षभर घरात टांगायचा कोणी? माझी सून माहेरी निघून जाईल!"

"जाऊ दे, तिला तरी सुख!" आजी.

या गोंधळात शेतकऱ्याच्या पानावर कुणाचा तरी पिवळा अंगठा उमटला. मी किंचाळले. गुरुजींनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "रंगीतच तर आहे." मग चष्मा माझ्या हातात दिला. राजाला कसं ओढत नेतात ते दाखवायला गुडघेदुखीचे माझे गुरुजी स्वतः राजा झाले. राक्षसवाल्या काकानं त्यांचा हात धरला. सगळं अंगण पोट धरून हसत होतं आणि माझं भाषण कुणाच्या तरी पायाखाली होतं.

गुरुजींचा फोन वाजला. व्यापारी त्यांच्या दारात येऊन उभा होता.

"पुस्तक? ते घरी नाही," गुरुजी धापा टाकत म्हणाले. "नाही, हरवलं नाही. लोक बघतायत."

"त्याला सांगा," आजा पान न सोडता म्हणाले, "सोंगाचा नाच बसल्याबिगर पुस्तक हालणार नाय."

गुरुजींनी एकदा आजांकडे पाहिलं. "ऐकलंत ना?" ते फोनवर म्हणाले. "देता येणार नाही. यंदा नाही, पुढल्या वर्षीही नाही. मान अजून ठरायचाय."

तो अजून ठरलेला नाही. राक्षसवाले वेताळवाल्यांशी बोलत नाहीत. गुरुजी अधूनमधून पुस्तक घेऊन समजूत काढायला जातात, आणि येताना भांडण आणखी वाढवून येतात. पेट्रोल माझं.