कवायतीत ओढलेलं छप्पर

कमिटीचं, म्हणजे नगरपालिकेचं, जे काही सांगणं असेल ते आमच्या गावात दवंडीने यायचं. नळ कधी सुटणार, बाजार कुठे भरणार, कुत्र्यांना विष कधी घालणार, सगळं डफडं वाजवून. त्या वैशाखात नवीनच काही ऐकू आलं : आगीची कवायत होणार, सर्वांनी हजर राहावं. चांदा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव म्हणजे अर्धं कौलारू आणि अर्धं गवताचं. उन्हाळ्यात गवताची एखादी ओळ जळायचीच. मी तेव्हा विशीत होतो, पत्रकं छापून बाजारात वाटायचो. ‘आग विझवायला माणसं तयार करा’ ही मागणी त्यांत मोठ्या टायपात असायची. मला वाटलं, कमिटीला कधी नव्हे ती अक्कल आली.

कवायतीला नाल्याकाठची ओळ निवडली होती. ओळीच्या टोकाला मुरमुरे भाजणारी एक विधवा बाई राहायची. कमिटीचा ओव्हरसियर तिच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “समजा, शेजारचं घर पेटलं. आग पुढे सरकू नये म्हणून तुमचं छप्पर ओढून पाडावं लागेल. ते आज करून दाखवायचं आहे.”

“ओढा न बाप्पा,” बाई म्हणाली. “गवत जुनंच झालं हाये. ओढनारे कोन कोन हायेत तेवढं मले पाहू द्या.”

हे तिने उगाच विचारलं नव्हतं. आमच्या भागात आग लागली की पुढच्या घराचं छप्पर दोर टाकून ओढतात. ज्याचं घर उघडं पडतं तो एका शब्दाने बोलत नाही, कारण ज्यांनी दोर धरला त्यांनीच पावसाआधी गवत आणून ते घर शाकारून द्यायचं असतं. ठरवून द्यावं लागत नाही, आठवण करावी लागत नाही. मी ते लहानपणापासून पाहत आलो होतो.

दोर धरायला कमिटीचे सांडपाण्याच्या नाल्या खोदणारे मजूर आणले होते. त्यांतल्या एकाला पाहून बाई म्हणाली, “तू हायेस काय? तुनं शाकारलेलं घर पयल्याच पान्यात गळलं म्हनत व्हती तुयी बायको.”

“ते तिच्या रडन्यानं गळलं, बाई.”

माणसं हसली. बाईने मडकी, सूप, भट्टीची कढई बाहेर काढली. दोर ताणले, बांबू कडकडले, आणि धुरकटलेलं गवत अंगणात आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. छप्पर चढेपर्यंत बाई बहिणीकडे राहायला गेली.

पुढची दवंडी आली ती सडकेची. बाजारापासून नाल्याकाठाने नवीन सडक निघणार, त्या ओळीतली पडकी आणि रिकामी घरं कमिटी ताब्यात घेणार. बाई माझ्याकडे आली. आम्ही दोघं कचेरीत गेलो. टेबलावर नकाशा पसरला होता. सडकेची लाल रेघ कोपऱ्यावरून आत शिरत होती ती नेमकी बाईच्या घरातून.

“छप्पर नाही, राहणारं कोणी नाही,” ओव्हरसियर म्हणाला. “नियमाप्रमाणे ते पडकं घर झालं.”

“पाडलं तर तुम्हीच,” मी म्हणालो.

“कवायतीत पाडलं. बाई स्वतः म्हणाल्या, ओढा. तुम्ही तिथे टाळ्या वाजवत होता की.”

चोरी, लाच, सगळं मी पत्रकांत लिहिलं होतं. पण आग विझवायचं शिकवतो म्हणून बोलवायचं, माणसाकडूनच त्याचं छप्पर मागून घ्यायचं आणि मग म्हणायचं की याला घरच नाही, हे माझ्या डोक्यात मावेना.

बाईला नकाशा कळत नव्हता. तिने विचारलं, “छप्पर कवा चढवून राह्यले तुमी?”

“कोण चढवणार?”

“ज्याहिनं ओढलं त्याहिनं.”

ओव्हरसियर हसला. “तो खेड्यातला रिवाज. इथे कमिटी आहे, बाई.”

बाईने मान खाली घातली, चारचौघांत कोणी वावगं बोलल्यासारखी. मग उठून थेट नाली खोदली जात होती तिथे गेली. मी मागोमाग.

“साहेबानं चढवाले मनाई केली हाये,” तो थट्टा करणारा मजूर वर न पाहता म्हणाला.

“मी साहेबाले कुठी होय म्हनलं? तुमचे तोंडं पाहून म्हनलं.”

मजूर खोदत राहिले. मी संतापात घरी जाऊन पत्रक लिहायला बसलो. खोडत राहिलो. जे घडलं होतं ते खरं वाटावं असं लिहिताच येईना.

सुटीच्या दिवशी सकाळी ते मजूर गवताचे भारे डोक्यावर घेऊन आले. अर्धं छप्पर झालं तेव्हा ओव्हरसियर सायकलवरून पोचला. खाली उतरा, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नका, म्हणाला.

थट्टेखोर मजूर आढ्यावर बसून बंध आवळत होता. “काम गेलं त पाहू, साहेब. पन आमी ओढलेलं घर उघडं राह्यलं, त उद्या मायं घर पेटल्यावर दोर धराले कोन येईन? तुमी याल काय?”

ओव्हरसियर सायकल वळवून गेला. मजुरांपैकी दोघांना त्याने खरंच काढलं. माझं पुढचं पत्रक मी त्यावरच काढलं.

छप्पर पुरं झालं त्या संध्याकाळी मात्र बाईने भट्टी पेटवली. मी म्हणालो, “बाई, सडक तर येणारच. छप्पर चढवून काय झालं?”

“येऊ दे न,” ती कढईत वाळू ओतत म्हणाली. “रिकामं घर त नाई भेटनार त्याहिले. मले हात धरून काढा लागन.”